दोन व्होल्टची वायर

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी सारी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, त्यामुळे विजेतलं मला कोणी काही शिकवलेलं खपत नाही. माझी मुलगी पायल हिने प्रताप नगरात गाड्यांना साउंड सिस्टिम बसवायचं दुकान काढलं, तेव्हा न बोलावता मी रोज तिथे जाऊन बसू लागलो. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा ते बरं, असं बायकोचंही मत पडलं.

त्या दिवशी कन्हानच्या अश्विनची गाडी तयार होती. दुकानाचं पहिलंच मोठं काम. पुढे स्टिरिओ, डिक्कीत अ‍ॅम्प्लिफायर, चार स्पीकर. अश्विनच्या ओळखीत टॅक्सीवाले पुष्कळ. त्याला काम आवडलं तर ते सगळे येणार, नाहीतर पायलचं नाव पहिल्याच महिन्यात खराब होणार. ती जेवायला घरी गेली आणि मी मीटर काढला.

बॅटरी बारा व्होल्ट, उत्तम. अ‍ॅम्पला येणाऱ्या जाड वायरीतही बारा. मग गाणं लावून स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे जाणारी बारीक वायर तपासली, तर आकडा दोनच्या वर जायला तयार नाही. दहा व्होल्ट गेले कुठे? म्हटलं, पोरीने घोळ घातला. अ‍ॅम्पवर ‘गेन’ लिहिलेलं एक बटण होतं, ते पेचकसाने पार शेवटपर्यंत पिळलं. आवाज दणकन वाढला. पायलला काही सांगितलं नाही. मुलीची चूक बापाने गुपचूप सुधारावी, एवढा मोठेपणा माझ्यात आहे.

चार वाजता अश्विन आला. ‘जय भीम’ करून गाडीत बसला, गाणं लावलं, आवाज वाढवला आणि त्याचं तोंड कडू झालं.

“ताई, हे काय? आवाज फाटून राहिला ना!”

खरंच फाटत होता. मला दुपारी तो नुसता मोठा वाटला होता.

पायलने डिक्की उघडली, बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहू लागलो.

“माझी चूक झाली, भाऊ,” ती अश्विनला म्हणाली. “सेटिंग राहिली माझ्याकडून.”

“मंग तुमाले हे काम येते का नाही? मी दुसरीकडे नेतो गाडी.”

कारखान्यात माझी चूक झाली की मी ती मेन लाइनवर ढकलायचो. लाइनला तोंड नसतं. इथे मात्र पोर आपणहून पुढे झाली होती. मला फार लाज वाटली.

“थांब गा,” मी म्हणालो. “तिचं काम बरोबर होतं. ते बटण मी पिळलं. वायरीत दोनच व्होल्ट येऊन राहिले होते, म्हणून.”

पायल हसली नाही, हे तिचे उपकार. “बाबा, तुमच्या कंपनीत मशीन चालू करायच्या बटणाच्या वायरीत किती व्होल्ट राहत?”

“चोवीस.”

“अन् मोटरले?”

“चारशे चाळीस.”

“मंग बटणाच्या वायरीत चारशे चाळीस काहून नाही सोडले?”

“काहून सोडू? ती तर फक्त सांगते, मोटर चालू कर म्हणून. ताकद तर दुसऱ्या...” बोलता बोलता माझी नजर डिक्कीतल्या जाड वायरीकडे गेली.

“हेही तसंच आहे. दोन व्होल्टच्या वायरीत नुसतं गाणं येते, ताकद बाराच्या वायरीतून. अन् या बटणानं अ‍ॅम्पले सांगायचं, येणारं गाणं किती व्होल्टचं आहे ते. तुमी त्याले सांगितलं की गाणं लय बारीक आहे. मंग तो ओरडून राहिला.”

तिने बटण बेताने मागे घेतलं. गाणं स्वच्छ झालं, अगदी भरदार. अश्विनने आवाज वाढवत नेला, तरी फाटला नाही.

“आता जमलं, ताई! उद्या आमच्या दोघा जणाले पाठवतो.” मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “काकाजी, तुमी मालक का इथले?”

“नाही गा, मालक ती. मी तिच्या हाताखाली शिकून राहिलो.”

मागे वळून न पाहताच पायल म्हणाली, “मंग उभे काहून राहिले, बाबा? डिक्कीतले वायरीचे तुकडे उचला.”

मी वाकून एकेक तुकडा उचलू लागलो. इतकं बरं वाटलं, की काय सांगू.