माझ्या इंजिनाचे चार रबरी पाय

मित्रांनो, या प्रेमराजला कुणीतरी शहाणं करा रे! माझं इंजिन थरथरलं की हा नावाडी माझ्या पाठीवर थोपटतो आणि म्हणतो, "बठ्ठं ठीक शे." ठीक काय डोंबल!

मी तापीवरची जुनी शिडाची होडी आहे. अस्सल सागवानाची. वारा असला की शीड, नसला की डिझेलचं इंजिन. केळीच्या बागेत जाणाऱ्या बायकांना मी रोज पलीकडे नेते. आजवर एकीचाही पदर भिजू दिला नव्हता.

इंजिनाखाली चार रबरी पाय असतात. सगळा हादरा तेच गिळतात. माझे पाय तेल पिऊन फाटले, तर प्रेमराजने ट्रकच्या टायरचे तुकडे कापून घातले! इंजिन कलंडलं, पाण्यातल्या पंख्याचा दांडा घासू लागला आणि तो जिथून बाहेर जातो त्या भोकातून पाणी आत आलं. भर नदीत या बायकांची मुकादम धुरपदाबाई, तिचे घोटे बुडाले. ती कडाडली, "प्रेमराज, तुना डोकामा काय शे रे? आमले बुडावस का?"

दुसऱ्या दिवशी एकही बाई माझ्यात बसेना. आता आपण सरपणात जाणार, असं मी धरून चालले.

मग नरडाण्याच्या कारखान्यातली फिटर संघमित्रा आली. मला वाळूवर घेऊन तिने चेनपुलीने इंजिन उचललं, टायर भिरकावलं, नवे पाय बसवले.

"आते बोल्ट कसी टाका ताई," प्रेमराजला घाई.

"वाळूवर नाही, भाऊ. पाण्यात गेली की हिचं अंग बदलतं. शेवटचं माप पाण्यातच."

मी थक्क झाले. एवढं तर मला घडवणाऱ्या सुतारालाच ठाऊक होतं!

पाण्यात तिने इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये फट मोजायची पातळ पट्टी सरकवली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नट केसभर फिरवायची, पुन्हा पट्टी. दुपार कलली. मग इंजिन सुरू झालं. धुरपदाबाईने माझ्या फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. पाणी नुसतं शहारलं, थेंब सांडला नाही. काठावरच्या बायका वाकून बघू लागल्या. मुठीएवढी चार रबरं, आणि केवढं वादळ पोटात घेतात!

धुरपदाबाईने चपला हातात घेतल्या, माझ्या कडेला हात लावून कपाळाला नेला आणि आत बसली. मागोमाग सगळ्या.

मित्रांनो, जरा थांबा, मला याच्याशी बोलायचंय. प्रेमराज, वल्हं मारायला तुझ्यासारखा दुसरा नाही, हे मी मानते. पण यापुढे मी थरथरले तर थोपटायचं नाही, इंजिन बंद करून खाली वाकून बघायचं. आणि पुन्हा टायर घातलंस, तर बायका भरून मी काठ सोडणार नाही. लाव तू मग कितीही जोर!