रोझिनाचा खोकला

आमच्या एर्लेनरोडाच्या चर्चमधला देवदूत फार देखणा होता असं जे म्हणतात ना, त्यांनी त्याला खालून बघितलेलं नाही. मी बघितलाय. वासरासारखे जाड गुडघे आणि एका पायाचा अंगठा किड्यांनी खाल्लेला. छतावर निळं आभाळ रंगवलेलं, त्यात उकडलेल्या गोळ्यांसारखे ढग, आणि त्या ढगांखाली हा लाकडाचा बाबा दोराला लटकलेला, हातात शिंपल्यासारखं भांडं. बाप्तिस्मा असला की माळ्यावरून दोर सैल सोडायचे, आणि हा डुकराच्या पिल्लासारखा किंचाळत खाली यायचा. एकदा इतक्या जोरात आला की पाद्रीचा केसांचा टोप त्याच्या पंखाला अडकून वर गेला, आणि पुढच्या बाप्तिस्म्यालाच खाली आला. खोटं वाटतं? नका मानू.

पण त्याच्या भांड्यातलं पाणी कपाळाला लागलं, तरच बाकावर जागा मिळायची. प्रत्येक बाकाला दार, दारावर घराण्याचं नाव. लग्नाआधी झालेल्या पोराचा बाप्तिस्मा दाराशी, पत्र्याच्या वाडग्यातून. असली पोरं म्हातारी होऊन मरेपर्यंत चर्चमधल्या माडीच्या जिन्याखाली उभी राहायची, त्यांच्या आयाही.

सिबिला उमरावाकडे स्वयंपाकाला होती. तिला मुलगी झाली. बाप कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. दर रविवारी तो चर्चमधल्या वरच्या, उमरावासाठीच्या काचेच्या खोलीत शेगडीला पाय लावून प्रवचनभर घोरायचा. काचेतून काही ऐकू येत नाही म्हणतात, पण घोरणं बरं यायचं!

सिबिला सुईणीला, बेर्बेलकाकूला म्हणाली, "काकू, मी राहीन जिन्याखाली. माझी पोर नाही राहणार."

पुढच्या रविवारी गावप्रमुखाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. देवदूत खाली आला, पोराला पाणी लागलं, सगळे गायला उभे राहिले. तेवढ्यात बेर्बेलकाकू सिबिलाची पोर घेऊन पुढे धावली. "गेली! गेली! पोर चालली हो!" असं ओरडत तिने भांड्यातलं पाणी तीनदा पोरीच्या डोक्यावर ओतलं आणि देवाचं नाव घेऊन तिचं नाव ठेवलं, रोझिना.

आता आमच्या धर्मात मरणाऱ्या पोराला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आणि सुईणीने तर तशी शपथच घेतलेली असते. आमच्याकडे प्रवचनाचा कठडा वेदीच्या बरोब्बर डोक्यावर. पाद्री क्वेन्झेल तिथे चढला आणि उकिरड्यावरच्या कोंबड्यासारखी मान काढून म्हणाला, "मरत होती का?"

"मरतच होती, पाद्रीबाबा."

"गाल तर सफरचंदासारखे आहेत."

"तापाने."

"बघू," पाद्री म्हणाला. "जगली-वाचली धडधाकट, तर तू खोटं बोललीस. तुझं काम जाईल, आणि पोरीला पुन्हा दाराशी आणू."

झालं. सगळं गाव बघायला लागलं. दर रविवारी माना वळायच्या, मेली का अजून? पोर काही मरेना. मग बोलायला यायच्या आधीच सिबिलाने आणि काकूने तिला खोकायला शिकवलं. घरी हंसाची अख्खी तंगडी फस्त करायची, आणि चर्चमध्ये दोन शाली गुंडाळून असं खोकायची की वरच्या माडीवर रंगवलेल्या, बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशाचे खवले उडाले. ऑर्गनवाला तर तिच्या खोकल्यावर ताल धरायचा.

बेर्बेलकाकूचं काम राहिलं. रोझिनाची जागा राहिली.

मग पिपं बनवणारा कास्पर तिच्या मागे लागला. पोरगा चांगला होता. त्याची आई म्हणाली, "मरायला टेकलेली सून आणू? हुंड्यात काय देणार, शवपेटी?"

रोझिना घरी येऊन रडली. "आई, एकच रविवार नाही खोकत. त्याच्या आईला दिसू दे तरी."

"नको खोकूस. काकूला भीक मागायला लाव, आणि तू जा जिन्याखाली."

रोझिना खोकली. कास्परने दुसरी केली. त्याची पोरं एकामागून एक त्याच देवदूताखाली आली, आणि ही शालीत तोंड खुपसून बघत बसली.

बेर्बेलकाकू गेली, सिबिला गेली, क्वेन्झेल गेला. ही खोकतच राहिली. मी तेव्हा लहान, आईजवळ तिच्या मागच्या बाकावर बसायचे. रोझिनाचे केस पांढरे झाले होते.

मग नवा पाद्री आला, शहरात शिकलेला, हसरा. देवदूत बघून म्हणाला, "हे काय जत्रेतलं बाहुलं!" देवदूत गेला माळ्यावर, कबुतरांच्या विष्ठेत. सगळ्या पोरांसाठी दगडाचं एकच कुंड आलं. बाकांची दारं काढून जळणाला दिली. "देवापुढे सगळे सारखे," तो म्हणाला, "ज्याला जिथे बसायचं तिथे बसा."

लोकांना काय, आवडलंच ते.

रोझिना त्याच्याकडे गेली. "पाद्रीबाबा, मग आता मी खोकायची गरज नाही?"

त्याला काही कळलं नाही. "आजी, काळजी घ्या हं. मधाचं गरम पाणी प्या," म्हणाला.

पुढच्या रविवारी ती आली, तर तिच्या जागेवर गिरणीवाल्याची नवी सून, कडेवर लेकरू.

"मावशी, बसा ना कुठेही," सून म्हणाली. "आता काय, सगळं सारखंच."

रोझिनाने तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात कंबरेवर ठेवून अशी खोकली, अशी खोकली की सुनेने लेकराचं तोंड शालीआड घेतलं आणि ती पळाली. पुढचं बाक रिकामं झालं, मागचंही. मला आईने हाताला धरून ओढत भिंतीकडे नेलं.

मधोमध ती एकटी बसली. प्रवचन संपेपर्यंत कुणी जवळ आलं नाही.