वाऱ्याच्या गाडीची पूजा

"आजे, काय केलंस गं ह्ये!"

उत्कर्षा एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बयाबाईच्या हातातला तांब्या हिंदकळला. समोर पाटावर नातीची गाडी होती. हळदकुंकू लावलेली, पुढं नारळ फोडलेला. दारात नवा ट्रॅक्टर आला की करतात, तसं सगळं म्हातारीनं मनापासून केलं होतं. चाकांवर पाणीसुद्धा घातलं होतं, आणि पुठ्ठ्याची ती चाकं भिजून लिबलिबीत झाली होती.

"आगं, नवी गाडी बिनपूजेची दारातनं भायेर काढत्यात व्हय?"

"पुठ्ठा हाय त्यो, आजे! आता कशाची पळतीया!"

पोरगी मटकन खाली बसली. मिठाईच्या खोक्याची गाडी, खराट्याच्या काडीचा आस, दुधाच्या पिशवीचं शीड. कुणी न शिकवता जमवलेलं सगळं. नववीतली पोर, आई लहानपणीच गेलेली. बाप रविराज, बयाबाईचा लेक, काल जेवताना म्हणाला होता, "वाऱ्यावर पळती म्हन्तीस न्हवं? शाळंच्या प्रदर्शनात पळाली तर शिक खुशाल. न्हाई पळाली तर दुपारी पलूसचं पाव्हणं तुला बघाय येत्यात. गुमान समोर येऊन बसायचं."

बयाबाईलाही ह्याच वयात असंच बसवलं होतं. त्या दिवशी ती लिंबाच्या झाडावर चढली होती, तिथनं उतरवून आणली होती. झाड अजून डोळ्यांपुढं होतं. नवऱ्याचा तरुणपणचा चेहरा मात्र आता आठवत नव्हता.

"ऊठ. रडायचं मागनं."

चाकांसाठी डब्याची झाकणं बघितली, त्यांना भोक पडेना. बटाट्याच्या चकत्या कापल्या, त्या फिरताच तुटल्या. घंटेची वेळ होत आली. म्हातारीनं उंबऱ्याबाहेरच्या आपल्या निळ्या रबरी चपला उचलल्या, त्यांच्या तळावर वाटी पालथी घालून कोळशानं गोल काढले आणि चपला विळीवर धरल्या.

"आजे, येवढा एकच जोड हाय तुझा!"

"मग काय दोन घालून हिंडू? दाभण आन."

शाळेचा रस्ता नव्यानं खडी टाकलेला होता. नात गाडी पोटाशी धरून पुढं पळत होती. मागनं म्हातारी एकेक पाऊल बघून टाकत होती, तरी टाच फुटलीच.

मैदानात गाडीनं ओलांडायची खडूची रेघ ओढलेली. अर्शियामॅडम म्हणाल्या, "फुंकर मारायची नाही हं. हातही लावायचा नाही."

वाऱ्याचा मात्र पत्ता नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. रेघेपलीकडं रविराज कमरेवर हात ठेवून उभा होता. "झालं का? पाव्हणं निघाल्यात तिकडनं."

"खळ्यावर सूप धरून दिवसदिवस वाट बघितलीया मी वाऱ्याची," बयाबाई म्हणाली. "तुजं जरा थांबल्यानं काय जळतंय?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. दुसरी मुलं आपापल्या गाड्या उचलायला लागली. बयाबाई मनातल्या मनात वाऱ्याला शिव्या देत होती, हात जोडत होती, पुन्हा शिव्या देत होती.

ओढ्याच्या बाजूनं धूळ उठली. दुधाची पिशवी फुगली. गाडी थरथरली, वाकडी झाली, पुन्हा सरळ झाली आणि निघाली. खडखडत, डुलत रेघ ओलांडून गेली ती रविराजच्या बुटाला धडकूनच थांबली.

पोरांनी एकच गिल्ला केला. रविराजनं गाडी उचलली. चाकाकडं बघितलं, निळं रबर बघितलं, मग आईच्या पायाकडं. टाचेखालची माती ओली, लाल झाली होती.

"आये, आगं चपला…"

"माजं ऱ्हाऊ दे. रेघ वलांडली का न्हाई, त्ये बोल."

रविराज फोन काढून जरा बाजूला गेला. "व्हय, मीच बोलतोय. आज नगा येऊ."

बयाबाई लंगडत त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या हातातली गाडी काढून घेतली.

"आज नगा म्हनलास. उद्याचंबी आत्ताच सांगून टाक."

रविराजनं तिच्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि फोन परत कानाला लावला.