कोतवालाच्या कोटातला कोकीळ

पक्षी दाखवावा तर नाथाजी सुभेदारानं, असं उंब्रजमध्ये कुणीही सांगेल. मी, म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला तोच नाथाजी, स्वतःही सांगतो. पण त्या सकाळी कोयनेच्या रानात माझी पार दमछाक झाली.

जाफर शिंपी माझा शाळेपासूनचा मित्र. काचबिंदूनं त्याचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन उद्यावर आलेलं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. आम्ही जोडीनं रानं पालथी घातली, पण कोतवाल-कोकीळ काही त्याच्या नजरेला पडला नव्हता. दिसायला हुबेहूब कोतवाल पक्षी, काळाभोर, शेपटी दुभंगलेली. भलेभले फसतात, मी फसत नाही. आज जाफरला तो दाखवायचाच, असं ठरवूनच मी गाडीला किक मारली होती.

चढत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या आणि मला तो सापडलाही. जाफरच्या हातात दुर्बीण देत मी फायरिंग रेंजवरच्या आवाजात सांगितलं, "समोर एकटं झाड. दोन वाजता, चार बोटं, काळा पक्षी!"

दुर्बीण भलतीकडेच फिरत राहिली. मग तो एकदम ओरडला, "दिसला रं सुबेदार! तारंवर!"

त्याचा चेहरा असा फुलला की मला गलबलून आलं. रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर साधा कोतवाल बसला होता. 'हो' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण जाफरला फसवायचं? जमलं नाही.

"त्यो साधा कोतवाल हाय, गड्या."

"मग खरा दाव की नीट! दोन वाजता काय, चार बोटं काय! मी पलटणीत हुतो व्हय?"

मला माझाच राग आला. ज्यानं माझे सगळे सदरे शिवले, त्याला मी घड्याळाच्या काट्यानं दिशा आणि बोटांनी अंतर सांगणारी बंदुकीची भाषा ऐकवत होतो.

"बरं. झाड म्हंजी सदरा समज. गळ्यापास्नं खाली ये. दुसरं बटन. तितनं खिशाकडं. खिशाच्या तोंडावरच बसलाय."

दुर्बीण खाली आली, वळली आणि थांबली.

"व्हय," जाफर हळूच म्हणाला. "कोट कोतवालाचा. पर शेपटीखालचं अस्तर बघ, काळ्यावर पांढरं पट्टं! चोच बी बारीक हाय."

पट्ट्यांचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्याला खरंच दिसला होता! मला नाचावंसं वाटलं.

पक्षी उडून गेल्यावर त्यानं दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. "उद्या डोळा ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. ह्यो आता माझ्यातनं जात न्हाई."

घाट उतरताना डोळे पुसूनही रस्ता धड दिसेना, तोही जाफरला नव्हे, मला.