पक्क्या रंगाचा जर्मन शब्द

माझा दादा हुशार आहे, पण फार घाईत हुशार आहे. जर्मन भाषांतरावर पोट भरणारी सख्खी बहीण घरात बसलेली असताना, वहिनीच्या माहितीपत्रकाचं जर्मन त्याने स्वतःच केलं. का, तर "एवढ्याशा कामाला तुला कशाला त्रास?" डिक्शनरी उघडली, पहिला अर्थ उचलला आणि पाठवूनही दिलं.

वहिनी मागच्या शेडमध्ये स्टोल रंगवते. इंग्रजी पत्रकात लिहिलं होतं, रंग 'फास्ट' आहेत, म्हणजे पक्के. दादाने लिहिलं 'श्नेल', म्हणजे झटपट. झालं. जर्मन खरेदीदार बाईंनी कळवलं, झटपट जाणारे रंग आम्हाला चालणार नाहीत.

वहिनीची ही परदेशातली पहिलीच ऑर्डर. घरात तिच्या कामाला 'छंद' म्हणायची पद्धत. ऑर्डर हातची गेली तर शेड मोकळी करून तिथे गाडी लावायची, हेही दादाने ठरवून टाकलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"अरे शहाण्या," मी म्हणाले, "फास्ट हा शब्द एक, पण त्याची बिऱ्हाडं अनेक. गाडी फास्ट असेल तर श्नेल. घड्याळ फास्ट असेल तर जर्मन माणूस म्हणतो, ते पुढे चाललंय. आणि कापडाचा रंग फास्ट असेल तर वाशएख्ट. धुण्यातही खरा राहणारा."

"पण डिक्शनरीत श्नेल पहिला होता."

"मांडवात पहिला शिरला म्हणून कुणी नवरदेव होत नाही."

मी बाईंना फोन लावला, चूक आमच्या भाषांतराची आहे, रंगाची नाही, हे ठणकावून सांगितलं आणि व्हिडिओवर पाच मिनिटं मागून घेतली. वहिनीने पांढऱ्या टबात कढत पाणी ओतलं, लाल स्टोल बुडवला, साबण लावून चांगला खसाखसा चोळला. मी दर चोळणीला टबात डोकावत होते. ती मात्र रोजचं धुणं असावं तशी निवांत. पाणी नितळ राहिलं.

"वाशएख्ट," मी म्हणाले.

बाईंनी पाणी पाहिलं. मग वहिनीचे रोजच्या रंगकामाने कोपरापर्यंत लाल झालेले हात पाहिले, हसून काहीतरी बोलल्या आणि ऑर्डर पक्की केली.

"माझ्याकडे बघून काय म्हणाल्या हो?" फोन बंद झाल्यावर वहिनीने विचारलं.

"तोच शब्द तुलाही लावला. ही बाई वाशएख्ट आहे म्हणाल्या. अस्सल, पक्की रंगारीण."

वहिनी ओल्या हातांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, माझेही आले.

तेवढ्यात दादा दारात. "काय झालं? शेड कधी मोकळी करायची?"

वहिनीने स्टोल पिळून दोरीवर टाकला.

"वन्सं," ती मला म्हणाली, "यांना भाषांतर करून सांगा. आणि जरा सावकाश सांगा."