ताईच्या मापाचा भात

“मावशी, ताई कुठली इथं? अहो, इस्त्री उचला आधी, चादर जळतेय!”

मावशी समोरच्या भिंतीकडे बघून हसत होत्या. अंग घामाने निथळत होतं. लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीने ओरडतच धावत येऊन इस्त्री ओढली, त्यात तिचाच तळहात भाजला. तरी तिने आधी मावशींना साखरेचं पाणी पाजलं आणि मग स्वतःचा हात नळाखाली धरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दुपारी भात किती खाता?”

“तीन चमचे. ताई वाढायची तेवढाच. दोघींनाही डायबेटिस, दोघींचं माप एकच.”

“ताई काय करायच्या?”

“टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती.”

“त्या बसून आणि तुम्ही दिवसभर उभ्याने इस्त्री मारणार. वर इन्सुलिन! साखर उतरणारच. अहो, त्यांच्या मापाचं झंपर तुम्हाला झालं असतं का? भात, पाव, बटाटा कुणी किती खायचा ते ज्याच्या त्याच्या कामावर आणि औषधावर ठरतं. सगळ्यांना एकच आकडा नसतो. असंच चाललं तर एक दिवस उठणारच नाही तुम्ही.”

मावशींना हे नवीन नव्हतं. मागे नर्सनेही सांगितलं होतं. पण ताई गेल्यानंतर पहिल्यांदा साखर उतरली, तेव्हा टेबलापलीकडे ताई उभी होती. शेवटी खाटेवर होती तशी खंगलेली नव्हे, चांगली धडधाकट. “वेडाबाई, केवढी घामेजलीस गं!” म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. तोंडात साखर पडताच ती नाहीशी झाली. तेव्हापासून मावशींनी मुद्दामच भात वाढवला नाही. कुणी वेड म्हणेल, म्हणू द्या. ज्या बहिणीचं बोट धरून माणूस चालायला शिकतं, तिला भेटायला एवढीच वाट उरली तर कोण सोडील?

“साखर उतरली की ताई दिसते. पोटभर जेवले, तर ती यायची नाही का मग?” मावशींनी हळूच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “नाही येणार, मावशी.”

बाहेर बाकावर घडीवाली हाताला पट्टी बांधून बसली होती. “फार नाही हो भाजलं,” ती म्हणाली. तिला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मावशींना तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिला तेवढा भात मावशींनी डब्यात भरला. दुपारी तो वरणाबरोबर खाल्ला. एक शितही टाकलं नाही.

दुपार कलली. चादरींचा ढीग अर्ध्यावर आला. घाम नाही, थरथर नाही. मावशींना आपल्या त्या शहाण्या हातांचा भयंकर राग आला.

त्यांनी चादर पसरली. घडीवाली गठ्ठे मोजायला आत गेल्याची खात्री केली.

“ताई,” त्या टेबलापलीकडे बघत म्हणाल्या, “जेवले गं मी.”

पलीकडचं टोक कुणी उचललं नाही. मावशींनी चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि एकटीनेच घडी घालायला घेतली.