सूप थांबतं तेव्हा

यशवंत उंबरे यांच्या सिनेमात माणूस मरायला वेळ घेतो, हे वाक्य माझं आहे. गेल्या तीस वर्षांत ते इतक्यांनी वापरलं की आता ते कुणाचंच राहिलेलं नाही. मध्यंतरी एका तरुण समीक्षकाने ते मलाच ऐकवलं आणि वर विचारलं, "देवरे सर, तुम्ही उंबरे पाहिलेत का?" मी मान डोलावली. सत्तरी उलटली की अशा प्रश्नांना मान डोलवावी, वाद घालू नये.

उंबऱ्यांनी एकाहत्तर ते एकोणऐंशी या काळात सात सिनेमे काढले आणि सातही रक्ताने न्हालेले. शहरातल्या थिएटरांनी ते आठवड्याभरात उतरवले, जाणकारांनी नाकं मुरडली आणि जत्रांमधल्या तंबूंनी मात्र त्यांना वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं. लोकांना मारामारी आवडते म्हणून, असं त्या वेळी म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. इतरांच्या सिनेमात घाव दिसायचा, किंकाळी ऐकू यायची, आणि मरणारा एखादं टाळ्यांचं वाक्य बोलून मान टाकायचा. उंबरे घाव दाखवतच नाहीत. त्यांचा कॅमेरा घाव पडून गेल्यावर येतो, आरडाओरडा ऐकून शेजारी धावत यावा तसा, आणि मग तिथून हलत नाही. मारणारे निघून जातात, आपल्यालाही उठावंसं वाटतं, पण उंबरे उठू देत नाहीत. मरणाऱ्याजवळ कुणीतरी बसायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि पडद्यावर बसायला कुणी उरलेलं नसतं म्हणून ते प्रेक्षकाला बसवतात. हे मी नाशकात, पुण्यात, जिथे बोलावतील तिथे सांगत आलो. माझ्यासारख्या पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला लोकांनी 'सर' म्हणायला सुरुवात केली ती या एका मुद्द्यावर.

उदाहरण म्हणून मी नेहमी 'अकरा कुऱ्हाडी'मधला एकच शॉट सांगायचो. चौऱ्याहत्तर साली कळवणकडच्या एका गावात त्याचं शूटिंग झालं. कुऱ्हाडी घेऊन माणसं येतात, जातात, धूळ खाली बसते आणि कॅमेरा एका घरात शिरतो. धान्याच्या कणग्यांशेजारी एक मुलगी पडलेली आहे, उजवीकडे उघडं दार आहे, आणि बाहेर कुणी म्हातारी, आत काय झालंय ते माहीत नसलेली, धान्य पाखडते आहे. संगीत नाही, संवाद नाही, नुसतं सूप वाजतं. एकोणीस वेळा वाजतं आणि थांबतं. थांबतं तेव्हा आपल्याला कळतं की मुलगी गेली. सगळा शॉट बावीस सेकंदांचा.

ती मुलगी ललिता. पुढे माझी बायको झाली ती.

उंबऱ्यांच्या माणसांना मरायला गावातलीच एखादी मुलगी हवी होती आणि सतरा वर्षांची ललिता सगळ्यात आधी पुढे झाली. तिची आत्या, चतुराबाई, आधी हे ऐकेचना. जित्या पोरीने मेल्याचं सोंग घ्यायचं म्हणजे काय! शेवटी खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं, असं कुणीतरी तिला समजावलं, तेव्हा ती कबूल झाली, आणि शूटिंग संपल्यावर तिने मीठ-मोहरीने ललिताची दृष्ट काढली. बाहेर सूप वाजतं ते चतुराबाईचंच. ललिता मला चिडवायची, "माझं आयुष्य वाढवून झालंय. तुमचं तुम्ही बघा."

आता जे लिहितो आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तो शॉट मी कधी पाहिला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदाच एका जत्रेच्या तंबूत आम्ही 'अकरा कुऱ्हाडी' पाहिला, तेव्हा सूप वाजायला लागल्याबरोबर तिने उजवीकडून हात लांब करून माझे डोळे झाकले. "माझं मरण तुम्ही नाही बघायचं," ती म्हणाली. मला वाटलं, लाडात आली आहे. पण पुढे तंबूत असो, फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये असो की घरच्या टीव्हीसमोर असो, दर वेळी सूप सुरू झालं की तिचा तळहात माझ्या डोळ्यांवर यायचा आणि सूप थांबलं की निघायचा. एकोणनव्वदच्या दिवाळीत पापड भाजताना तिच्या तळहाताला चिमट्याचा चटका बसला आणि त्याचा खरखरीत वण राहिला. त्यानंतर तो वण माझ्या डाव्या पापणीला लागायचा. माझ्या तोंडून ज्या शॉटची वाहवा महाराष्ट्राने ऐकली, तो मला फक्त कानांनी आणि त्या वणाने ठाऊक होता. चौऱ्याण्णव साली या शॉटवर लेख लिहिताना मी तिला विचारलं, "मरताना डोळे उघडे असतात का मिटलेले?" भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मिटलेले. आणि माशी बसली होती नाकावर, तरी हलले नाही." मी मिटलेल्या डोळ्यांवर पानभर मजकूर लिहिला. तेच पान लोकांना सगळ्यात जास्त आवडलं.

चोरून का पाहिला नाही, असं कुणी विचारील. तिने नको म्हटलं होतं, एवढंच कारण मला पुरत होतं.

दोन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका दुपारी, ललिता नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेली. अकरा दिवस मी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावरून हललो नव्हतो. त्या दुपारी तिनेच म्हटलं, "थंडी वाजतेय. चहा आणा जरा." मी तपकिरी स्वेटर घातला, निळ्या झाकणाचा स्टीलचा थर्मास घेतला आणि खाली गेलो. नऊ मिनिटं लागली. परत आलो तोवर कुणीतरी तिचे डोळे मिटले होते. शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई मला न विचारताच म्हणाली, "दाराकडंच बघत व्हत्या वो, शेवटपर्यंत." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य तेव्हापासून मला रोज ऐकू येतं. मरणाऱ्याजवळ बसावं, असं जगाला शिकवणारा मी, आणि माझी स्वतःची बायको एकटी मेली. दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानाने गेली.

यंदा उंबऱ्यांच्या सातही सिनेमांच्या जुन्या प्रती साफसूफ करून कुणीतरी डिजिटल केल्या, आणि आमच्या फिल्म सोसायटीने 'अकरा कुऱ्हाडी' दाखवायचं ठरवलं. प्रास्ताविक अर्थात माझं. ही सगळी धावपळ तेजस्विनीची. ती कॉलेजात सिनेमा शिकवते, डोक्याने तल्लख आणि जिभेने तिखट, पण माझ्याशी जपून बोलते. एका संध्याकाळी ती पेनड्राइव्ह द्यायला घरी आली आणि चहा घेताना म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमच्या लेखात तिचे डोळे मिटलेले आहेत."

"मग?"

"ते उघडे आहेत. ती दाराकडे बघतेय."

मी बशी खाली ठेवली. "प्रत वेगळी असेल," मी म्हणालो. जाणकार माणसाला अडचणीच्या वेळी हे वाक्य फार उपयोगी पडतं. ती "असेल" म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं.

ती गेल्यावर मी कळवणला सोमाला फोन लावला. हा तंबू टॉकीजचा जुना ऑपरेटर, आता ऐंशीच्या पुढचा.

"डोळे? मिटेलच व्हते, सर," तो म्हणाला. "म्या तो पिच्चर दोनेकशे येळा तरी लावला आसंल. ललिताबाई गावची पोर, त्या टायमाला तंबूत कोणी खोकायचं बी नाय. डोळे मिटून पडेल व्हती. नाकावर माशी व्हती."

"दाराकडे बघत नव्हती?"

"मेलेलं माणूस कसं बघंल, सर?" सोमा हसला. मग म्हणाला, "बाईंची लय आठवन येती का?"

मी हो म्हणालो. फोन ठेवला. पेनड्राइव्ह टेबलावर होता आणि टीव्ही समोर होता, पण हात पुढे जाईना.

आठवड्याभराने तेजस्विनीचा फोन आला. आवाजात हसू होतं. "सर, त्या शॉटमध्ये मला एक मोठी चूक सापडली. पन्नास वर्षांत कुणाच्या लक्षात कशी आली नाही, कळत नाही. ती पडलेली आहे ना, तिच्याजवळून एक म्हातारा उठतो आणि दाराबाहेर जातो. गावात कत्तल झालीय आणि त्याच्या हातात चक्क स्टीलचा थर्मास! वर निळं प्लॅस्टिकचं झाकण. चौऱ्याहत्तर साली, कळवणच्या खेड्यात! युनिटमधलाच कुणीतरी चुकून फ्रेममध्ये आला असणार."

"चेहरा दिसतो?" मी विचारलं.

"नाही, नुसती पाठ. तपकिरी स्वेटर आहे." मग तिचं हसू कमी झालं. "ती त्याच्याकडेच बघतेय, सर. तो गेल्यावरही."

मी फोन ठेवला. थर्मास स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर होता. दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी तो काढला, झाकण उघडलं. आत चहाचा सुकलेला काळा डाग होता. मी तिथेच ओट्याला टेकून रडलो. ती गेली त्या दिवशीसुद्धा इतका रडलो नव्हतो.

कार्यक्रम रविवारी अकराला होता आणि तेजस्विनी मला न्यायला दहाला येणार होती. मी साडेआठलाच तयार होऊन टीव्हीसमोर बसलो. माझं एक मन म्हणत होतं की इतकी वर्षं पाळलेला शब्द मोडू नकोस. दुसरं म्हणत होतं की शब्द घेणारीच राहिली नाही, आणि नऊ मिनिटांची भरपाई करायची ही एकच जागा उरली आहे. एकदा तरी मला तिच्याजवळ शेवटपर्यंत बसायचं होतं. मी सिनेमा लावला.

कुऱ्हाडी आल्या, गेल्या. धूळ खाली बसली. मी सवयीने सोफ्याच्या डाव्या कडेला सरकलो होतो, उजवीकडे तिची जागा सोडून. सूप वाजायला लागलं तसे माझे डोळे आपोआप मिटले. ते मी बळेच उघडले.

ती सतरा वर्षांची होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या बाविसाव्या वर्षी, त्यामुळे हा चेहरा मला नवा होता, आणि तरी हनुवटी तीच होती, कानामागे सारलेली बट तीच होती. डोळे उघडे होते. तिच्या जवळून तपकिरी स्वेटर घातलेला माणूस उठला. कोपरावर रफू होतं, ते तिनेच केलेलं. त्याने थर्मास उचलला.

"जाऊ नको," मी मोठ्याने म्हणालो. "तिला चहा नकोय. बस तिथेच."

तो गेला. दारात नुसतं ऊन राहिलं.

सोळा, सतरा, अठरा, मी मोजत होतो. एकोणीस. सूप थांबलं नाही. वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले. ती दाराकडे बघत होती आणि श्वास घेत होती, तिचा पदर हलताना मला दिसत होता. साठानंतर मी मोजणं सोडलं. एवढं मात्र मला पक्कं कळलं होतं की मी जागचा हललो नाही तर ती जाणार नाही.

बेल वाजली. "सर, झालं का? निघायचं ना?" तेजस्विनी होती. म्हणजे दहा वाजून गेले होते. मी उठलो नाही. पुन्हा बेल वाजली, मग फोन वाजला, आणि मी सोफ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. या वेळी मी उठणार नव्हतो, मग बाहेर कुणीही येवो.

तेव्हा ललिताने दारावरची नजर काढली. हळूहळू मान वळवून तिने इकडे, समोर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. भाजी निवडताना मी काही वेडंवाकडं विचारलं की ती जशी बघायची, तशी बघत होती. मग तिने हात उचलला आणि पुढे केला. तळहात मोठा होत होत पडदाभर झाला. त्याच्या मधोमध चिमट्याच्या चटक्याचा वण होता.

सगळा अंधार झाला. डाव्या पापणीला काहीतरी खरखरीत लागत होतं.

"अगं, बघू दे," मी म्हणालो. "या वेळी तरी."

बाहेर बेल वाजत होती. आत सूप वाजत होतं. मग सूप थांबलं.